पाच मास्क आणि एक खाकी पाकीट

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'पुन्हा वापर' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गोधड्या, रद्दीवाले, भंगारबाजार असं काहीतरी असणार. मी निवडलेली वस्तू एकदा वापरून टाकून द्यायची म्हणूनच बनवलेली होती, आणि २०२० साली न्यूयॉर्कपासून नांदेडपर्यंत सगळ्यांनी ती पुन्हा पुन्हा वापरली. एन-९५ मास्क. त्याची गोष्ट शोधायला मी देगलूरला गेलो.

मोठ्या शहरांतल्या कोविड रुग्णालयांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मास्क निर्जंतुक करणाऱ्या अमेरिकी यंत्रांवरही लिहून झालं. जिथे यंत्र येणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तिथल्या लोकांनी काय केलं, हे मला बघायचं होतं.

तीन राज्यांच्या नाक्यावर

नांदेड-हैदराबाद रस्ता देगलूरमधून जातो. गाव मागे पडलं की थोड्याच अंतरावर तेलंगण सुरू होतं, पलीकडे मदनूर. खाली कर्नाटकातला बिदर जिल्हा. पश्चिमेला उदगीर, म्हणजे लातूर. बाजारात मराठीत भाव विचारला तर तेलुगूत उत्तर येतं आणि घासाघीस उर्दूत होते. सोयरिकी तिन्ही राज्यांत. इथल्या माणसाला राज्याची हद्द म्हणजे एसटीचा रंग बदलतो ती जागा, एवढंच माहीत होतं.

मार्च २०२० मध्ये ती हद्द अचानक खरी झाली. रस्त्यावर अडथळे आले आणि हैदराबादकडून बोचकी डोक्यावर घेऊन चालत येणारे मजूर नाक्यावर थांबवले जाऊ लागले. पोलीस, तलाठी, शिक्षक, आरोग्यसेवक, आशाताई अशी सगळी फौज तिथे उभी राहिली. एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या लातूर जिल्ह्यात, निलंग्याला, परराज्यातून आलेल्या प्रवाशांपैकी आठ जण बाधित निघाले. नांदेड शहरात पहिला रुग्ण सापडला २२ एप्रिलला. म्हणजे आजार दारात यायच्या आधी महिनाभर इथली माणसं त्याच्या वाटेवर उभी होती, आणि तोंडाला काय बांधायचं हा प्रश्न रुग्णाच्या आधी आला होता.

मास्क कुठे होते? केंद्राने ३१ जानेवारीलाच निर्यातीवर बंदी घातली होती. पण मास्कच्या पोटात जे खास कापड असतं, त्याचे कारखाने देशात मोजके होते आणि जगभर त्याच कापडासाठी ओढाताण चालली होती. टाळेबंदीत वाहतूक थांबली. जिल्ह्याला आलेला साठा आधी मोठ्या रुग्णालयाला, मग उपजिल्हा, मग ग्रामीण, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी उपकेंद्र असा झिरपत येई. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी कसं मिळतं, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको.

दोरीवर, इस्त्रीखाली, उन्हात

त्या काळात या भागातल्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत काम केलेल्यांशी बोललो. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. एका कक्षसेवकाने (दवाखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात) सुरुवातीचे दिवस एका वाक्यात उरकले: "एकच दिलता, तोच धुऊन घालूलालो."

धुऊन, हा त्यातला कळीचा शब्द. हातात आलेली वस्तू मळली की धुवायची, ही शिस्त आपल्या हाडात आहे. म्हणून कुणी साबणाच्या पाण्यात बुडवून मास्क दोरीवर टाकला, कुणी डेटॉल घातलं. सॅनिटायझर हाताशी होताच, तो फवारून पाच मिनिटं पंख्याखाली धरणारे सगळ्यांत जास्त. कापड समजून इस्त्री फिरवणारे होते. प्रेशर कुकरमध्ये जाळी ठेवून वाफ देणारे होते. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतच होते. आणि बाकी सगळ्यांनी केलं ते मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात कुणीही करेल ते: गच्चीवर, पत्र्यावर, कडक उन्हात वाळत घातला.

यातलं काय बरोबर होतं आणि काय चूक, हे तेव्हा सांगणारं जवळ कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर मार्च २०२० मध्ये मोठ्या विद्यापीठांतही त्याचं पक्कं उत्तर नव्हतं. गंमत अशी की सर्वांत स्वच्छ दिसणारे उपाय, साबण आणि सॅनिटायझर, हेच सर्वांत वाईट निघाले.

कापडात साठवलेली वीज

मास्क म्हणजे बारीक गाळणी, छिद्रापेक्षा मोठं ते अडकतं, अशी आपली समजूत असते. तसं असतं तर विषाणू अडवेल इतक्या बारीक गाळणीतून श्वासही घेता आला नसता. एन-९५ चा मधला थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे प्लास्टिक वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू उडवतात आणि त्यांचा विस्कटलेला थर जमवतात. याला मेल्टब्लोन कापड म्हणतात. तंतूंमधल्या फटी विषाणूच्या मानाने प्रचंड मोठ्या असतात. तरीही कण अडकतात, कारण त्या कापडावर विद्युतभार दीर्घकाळ टिकेल असा बसवलेला असतो. शाळेत केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलत होतो, तोच खेळ इथे नाकासमोर चालतो. कण फटीतून जाता जाता तंतूकडे ओढला जातो आणि चिकटतो. म्हणून श्वास मोकळा राहतो आणि पकडायला सर्वांत अवघड अशा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडतात.

हा भार बसवण्याच्या पद्धतीचं नव्वदच्या दशकातलं पेटंट पीटर त्साय या तैवानी-अमेरिकी संशोधकाचं. टेनेसी विद्यापीठातून निवृत्त झालेले त्साय २०२० साली पुन्हा कामाला लागले, कारण जगभरातून त्यांना एकच प्रश्न येत होता: तुमचा मास्क परत कसा वापरायचा? त्यांनी घरच्या घरीही प्रयोग केले. सुमारे ७० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता, किंवा नुसतं काही दिवस बाजूला ठेवणं, हे त्यांचे सल्ले.

साबण आणि अल्कोहोल नेमका तो भार काढून टाकतात. स्टॅनफर्डच्या गटाने मेल्टब्लोन कापड अल्कोहोलमध्ये भिजवून पाहिलं, तेव्हा त्याची कण अडवण्याची ताकद सुमारे ५६ टक्क्यांवर उतरली. कापड फाटत नाही, रंग उडत नाही, उलट छान वास येतो. मास्क मेलेला असतो आणि घालणाऱ्याला वाटतं की आत्ता कुठे तो स्वच्छ झाला. सॅनिटायझर मारून मास्क घातलेली माणसं किती दिवस अशा खोट्या भरवशावर वॉर्डात वावरली असतील, हा विचार मला देगलूरहून परतताना सतावत राहिला.

मे महिन्याचं ऊन

मग ऊन? देगलूरला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो. पत्र्यावर हात टेकवत नाही. एवढ्या उन्हात विषाणू काय टिकणार, असं कुणालाही वाटेल, आणि ते निम्मं खरं आहे.

उन्हातले अतिनील किरण बाहेरच्या पृष्ठभागावरचा विषाणू लवकर निकामी करतात. पण रुग्णालयातल्या निळसर दिव्यातून जे जंतुनाशक किरण निघतात, २५४ नॅनोमीटरचे, ते सूर्यापासून आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वरच्या वातावरणातच शोषले जातात. जे पोहोचतात ते मास्कच्या आतल्या थरांत, घड्यांत, नाकाच्या पट्टीखाली शिरत नाहीत. राहिली उष्णता. हवेचं तापमान ४३ म्हणजे ७० नव्हे. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ७० च्या घरात तापमान जाऊ शकतं, पण ते किती वेळ टिकलं आणि मास्कच्या कोणत्या भागाला मिळालं, हे मोजणार कोण? शिवाय रोजच्या उन्हाने रबरी पट्ट्या सैल पडतात, आणि पट्टी सैल झाली की गाळणी कितीही चांगली असली तरी हवा गालाच्या फटीतूनच आत जाते.

तरीही गच्चीवरच्या मंडळींना मी नापास करणार नाही. मास्क धुण्यापेक्षा उन्हात ठेवणं शतपट बरं होतं. निदान घामाने ओला झालेला मास्क कोरडा होत होता आणि भार शाबूत राहत होता. एक सिस्टर सांगत होत्या, त्यांच्या सासूबाईंनी मास्क घरात आणू दिला नाही, म्हणून तो चार-चार दिवस बाहेरच्या खुंटीला राहायचा. सासूबाईंनी भीतीपोटी केलेली ही सोय पुढे दिल्लीहून आलेल्या सूचनेच्या फार जवळची होती.

यंत्रांची वरात

दवाखान्यात निर्जंतुकीकरणाची साधनं नसतात असं नाही. प्रत्येक शस्त्रक्रियागृहाशेजारी ऑटोक्लेव्ह असतो, १२१ अंशांची दाबाखालची वाफ. हत्यारं, गाऊन, कापसाचे बोळे सगळं त्यातून जातं. मास्कही घातले गेले. विषाणू मरतो यात शंकाच नाही. कॅनडात तपासलं तेव्हा घडीचे काही मास्क त्यातून अनेक फेऱ्यांनंतरही टिकले, पण वाटीसारखे साच्यातले मास्क आकार सोडून बसले. देगलूरच्या साठ्यात आज कोणत्या कंपनीचा मास्क येईल याची खात्री नसताना हा नियम वापरणार कसा? इथिलिन ऑक्साइड वायूचं यंत्र मोठ्या रुग्णालयांत असतं; त्याचा विषारी अंश कापडात राहतो आणि मास्क तर नाकावरच बसायचा, म्हणून ते बाद. फॉर्मेलिनचंही तेच.

अमेरिकेत ओहायोच्या बॅटेल संस्थेने मालवाहू कंटेनरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची खोली उभी केली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० च्या अखेरीस तिला तातडीची परवानगी दिली. एका यंत्रणेत दिवसाला ८० हजारांपर्यंत मास्क, आणि एक मास्क २० वेळांपर्यंत, असा दावा होता. नेब्रास्कामध्ये खोलीत तारा बांधून त्यावर मास्क टांगले आणि दोन्ही बाजूंनी अतिनील दिवे लावले. शास्त्रीय चाचण्यांत पेरॉक्साइडची वाफ सर्वांत चांगली ठरली, त्याखालोखाल अतिनील किरण आणि ७० अंशांची उष्णता. आपल्याकडे डीआरडीओने जुलै २०२० मध्ये 'अल्ट्रा स्वच्छ' नावाचं ओझोनचं कपाट आणलं. आयआयटी दिल्लीच्या माजी विद्यार्थ्यांच्या 'चक्र इनोव्हेशन'नेही ओझोनवर चालणारं एक कपाट बाजारात उतरवलं. ओझोन जंतू मारतो हे खरं, पण रबराला तडे पाडण्यातही तो पटाईत आहे.

याच काळात बाजारात अतिनील दिव्यांच्या पेट्याही आल्या: नोटा, मोबाईल, भाजी, मास्क, सगळं दोन मिनिटांत शुद्ध. त्यांतल्या दिव्यातून किती मात्रा मिळते, घडीच्या सावलीत राहिलेल्या भागाचं काय होतं, हे खोक्यावर लिहिलेलं नसायचं. निळा उजेड दिसला की माणसाला बरं वाटतं.

देगलूरला यातलं भारी यंत्र आलं नाही, याचं मला फारसं दुःख वाटत नाही. एका कंटेनरला रोज हजारो मास्क लागतात तेव्हा तो परवडतो. तालुक्यातले मास्क गोळा करून शंभर मैलांवर पाठवायचे, ज्याचा त्यालाच परत मिळेल अशी खूण ठेवायची आणि परत येईपर्यंत दुसरा मास्क वापरायचा. एवढा दुसरा मास्क असता तर प्रश्नच नव्हता.

पाकिटाचा कारभार

शेवटी इथे जी पद्धत रुळली तिला वीज लागत नव्हती. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या एम्सने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढली: प्रत्येकाला पाच मास्क द्या, त्यांवर क्रमांक टाका, आळीपाळीने वापरा, वापरून झालेला कागदी पाकिटात वाळत ठेवा. पाच मास्कांत साधारण वीस दिवस काढायचे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा हिशेबही असाच: दोन वापरांत निदान पाच दिवसांचं अंतर, आणि एक मास्क पाचापेक्षा जास्त वेळा चढवायचा नाही.

यामागे दोन निरीक्षणं होती. मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरतो असं दिसलं. हाँगकाँगच्या संशोधकांना सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर त्याचा अगदी अल्प अंश सातव्या दिवशीही मिळाला. म्हणजे तीन-चार दिवसांत धोका खूप उतरतो, शून्य होत नाही. त्यामुळे मास्क विश्रांतीनंतरही दूषितच समजून हाताळायचा, पुढच्या भागाला बोट लावायचं नाही, घातल्यावर हात धुवायचे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका सिस्टरांनी मला जुनं पाकीट घेऊन दाखवलं. पाकीट खाकी कागदाचं, मेडिकलवाला गोळ्या देतो तसं पण मोठं. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. श्वासाची वाफ आत कोंडते, मास्क ओलाच राहतो आणि बुरशी धरतो. पाकिटावर नाव आणि वार. मास्क पट्टीला धरून सोडायचा, बाहेरची बाजू बाहेर ठेवून घडी न करता आत सरकवायचा, पाकिटाचं तोंड मुडपायचं, चिकटवायचं नाही. पट्टीवर पेनने एक रेघ. पाच रेघा झाल्या की दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. लिपस्टिक, पावडर, काजळ काही नाही, कारण डाग पडला की तो मास्क बाद. आणि दर वेळी घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात फुंकर मारून बघायची. डोळ्यांकडे हवा लागली तर नाकपट्टी पुन्हा दाबायची. चेहऱ्याला मास्क बसतो की नाही हे गोड किंवा कडू द्रव फवारून तपासायची रीतसर चाचणी इथे कुणी पाहिलेली नव्हती. फुंकर हीच चाचणी.

एक मेख मात्र कागदावर कुठे लिहिलेली नव्हती. रात्रपाळीत झोप आलेल्या माणसाला आज मंगळवार की बुधवार हे आठवत नाही. म्हणून एका ठिकाणी पाकिटं वारांऐवजी रंगांनी ओळखली जात, कोपऱ्यावर स्केचपेनचा ठिपका. हा शोध कुठल्याही नियतकालिकात आलेला नाही.

पाच कुणाला मिळाले

पद्धत सोपी आहे, पण तिची पहिली अट पाच मास्क ही आहे. डॉक्टरांना आणि वॉर्डातल्या सिस्टरांना ते कसेबसे मिळाले. स्वॅब घेणाऱ्या तंत्रज्ञांनाही. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी, पिवळी पिशवी उचलणारे मामा, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, नाक्यावरचा होमगार्ड आणि घरोघरी ताप मोजत फिरणाऱ्या आशाताई यांच्यापर्यंत आले ते बहुतेक तीन थरांचे निळे मास्क, किंवा बचत गटांनी शिवलेले कापडी. कापडी मास्क धुता येतो, हा त्याचा गुणच. पण त्याने एन-९५ चं काम होत नाही.

म्हणून पुनर्वापराला तंत्र म्हणायला माझी जीभ अडखळते. बॅटेलचा कंटेनर असो की देगलूरचं पाकीट, दोन्ही रेशनिंगच होतं. विषाणू मारणं सोपं निघालं. ऊन, वाफ, किरण, नुसते चार दिवस, कशानेही तो बराचसा मरतो. अवघड होतं ते कापडातला भार, पट्टीचा ताण आणि चेहऱ्याला बसणारा आकार जपणं. आणि त्याहून अवघड होतं पाचवा मास्क मिळवणं.

मास्क मिळू लागले तेव्हा

२०२० चा पावसाळा संपेपर्यंत देशात उत्पादन वाढलं. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली. एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांत विकणं बंधनकारक झालं. त्याच महिन्यात केंद्राने निर्यातबंदीही उठवली. पण स्वस्त झाल्यावर मास्क बाजारात आला आणि चुकीच्या सवयीही त्याच्यासोबत घरोघरी गेल्या. श्वास सोपा जावा म्हणून झडपेचे मास्क खपले. त्यातून बाहेर पडणारी हवा गाळली जात नाही, हे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलैमध्येच राज्यांना कळवलं होतं. 'धुता येणारा एन-९५' या नावाने रस्त्याच्या कडेला रंगीत ढीग लागले. कापडाच्या पोटातली वीज जाणून घेतलेल्या वाचकाला त्या नावातला विनोद कळेल.

दुसरी लाट देगलूरला जास्त लागली. ९ एप्रिल २०२१ रोजी देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचं कोरोनाने निधन झालं. तालुक्यात त्या बातमीने बसलेला धक्का आजही बोलण्यात येतो. त्याच वर्षी जूनअखेर अमेरिकेत मास्क निर्जंतुक करण्याच्या तातडीच्या परवानग्या रद्द झाल्या. नवे मास्क पुरेसे आहेत, आता जुने वापरू नका, असं तिथल्या प्रशासनाने सांगितलं. देगलूरची पाकिटंही त्याच सुमारास बंद झाली, कुठल्याही आदेशाशिवाय.

कपाटातली मुदत

हे सगळं नव्याने कळलं असंही नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने फ्लूच्या साथीत मास्क पुन्हा वापरता येतील का, यावर अहवाल दिला होता: असे मास्क सुरक्षितपणे शुद्ध करण्याची सोपी, भरवशाची रीत हाताशी नाही, संशोधन करा. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात एन-९५ चा तुटवडा आपणही पाहिला होता. त्या साथीत अमेरिकेने राखीव साठ्यातले कोट्यवधी मास्क वाटले, ते पुरते भरले नाहीत, आणि २०२० मध्ये काही राज्यांना जुने, पट्ट्या कुजलेले मास्क मिळाले.

कारण मास्क टाळं लावून ठेवला तरी म्हातारा होतो. बहुतेक कंपन्या साधारण तीन ते पाच वर्षांची मुदत देतात. २०२१ मध्ये भरलेल्या खोक्यांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. साठा जिवंत ठेवायचा तर क्षयरोगाच्या वॉर्डात, थुंकी तपासणीच्या खोलीत तो रोज वापरात आणायचा आणि जितका वापरला तितका नवा भरायचा. क्षयरुग्णांजवळ काम करणाऱ्यांना तो एरवीही लागतोच.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात. त्यांतलं कुणी ओळखीचं असेल तर दिवाळीच्या फराळाला बोलवा आणि दोन गोष्टी विचारा: औषध भांडारात एन-९५ किती आहेत, आणि खोक्यावर मुदत कधीची छापली आहे. माणशी पाच, हा हिशेब धरा. त्यात मावशी आणि मामाही मोजा.